तळे बाटले ते साल

महाडच्या माणसाला ‘गाव कुठले?’ असे विचारले, की तो आधी रायगडाचे नाव घेतो. ‘रायगडाच्या पायथ्याशी आमचे महाड.’ मग सावित्री नदी, मुंबई-गोवा रस्ता, औद्योगिक वसाहत, २०२१ च्या जुलैतला महापूर असे एकेक येत राहते. समोरचा माणूस थोडा वाचणारा असला, तर तोच मध्ये म्हणतो, ‘म्हणजे चवदार तळ्याचे महाड!’ ‘हो, तेच,’ असे म्हणून आपण विषय बदलतो. निदान आमच्या आळीतला माणूस तरी बदलतो. ज्या घटनेचे पडसाद देशाच्या राज्यघटनेत उमटले, तिचा गावातल्या एका वस्तीला अभिमान वाटतो आणि दुसरीला अवघडल्यासारखे होते. २० मार्च २०२७ या दिवशी त्या घटनेला शंभर वर्षे पुरी होतात. अभिमानाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि यापुढेही लिहिले जाईल. मला लिहायचे आहे ते या अवघडलेपणाबद्दल, कारण ते माझ्या घरातले आहे.

आमचे घर ब्राह्मणाचे, तळ्यापासून हाकेच्या अंतरावरचे. माझे शालेय शिक्षण महाडात झाले. पुढे मुंबईतली नोकरी, लग्न, ठाण्यात बिऱ्हाड, मुलांची शिक्षणे हे सगळे चारचौघींसारखेच. माझी थोरली आत्या १९२७ साली जन्मलेली. त्या काळी जन्मतारखा लिहून ठेवण्याची फारशी रीत नव्हती. कोणी प्लेगाच्या सालातला, कोणी पटकीच्या साथीतला, अशी वये सांगितली जात. आत्याच्या वयाचा विषय निघाला की आजी म्हणायची, ‘तळं बाटलं त्या सालची ही.’ तळे बाटते म्हणजे त्याला काय होते, असे मी सात-आठ वर्षांची असताना विचारले होते. ‘जेव मुकाट्याने,’ एवढेच उत्तर मिळाले.

चार-पाच वर्षांनी वर्गातल्या एका मैत्रिणीबरोबर मी तिच्या घरी, बौद्धवाडीत गेले होते. तिथे तिची आजी तिच्या काकांचे वय सांगत होती. ‘पानी प्यालो त्या सालचा त्यो.’ मी घरी येईपर्यंत बोटांवर हिशेब करीत होते. साल एकच होते. दोन घरांमध्ये मैलाचेही अंतर नव्हते. एका घरात ते साल बाटण्याचे होते, दुसऱ्या घरात पिण्याचे. महाडचा सगळा इतिहास या दोन वाक्यांत आला, असे मला आजही वाटते. त्यानंतर मी त्याविषयी जे जे हाती लागले ते वाचत गेले, आणि ध्यानात आले की आपल्या घरात ती गोष्ट नुसती अर्धवटच नव्हे, तर उलटी सांगितली जात होती.

मूळ हकिकत थोडक्यात सांगते, कारण चवदार तळे म्हटले की पुष्कळांना फक्त ओंजळीत पाणी घेतलेले एक चित्र आठवते. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशांतून बांधलेले अथवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याला अनुसरून १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर प्रश्न मिटला होता. प्रत्यक्षात पुढची तीन वर्षे त्या तळ्यावर एकाही अस्पृश्य बाईला घागर बुडवता आली नाही. मुसलमान पाणी भरत होते, ख्रिस्ती भरू शकत होते, गुरांना कोणी हाकलत नव्हते. अडवणूक होती ती एवढ्या एकाच माणसांची.

मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या मागे राबणारे तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे याच परिसरातले. या परिसरात हा विचार तेव्हा उगवला असेही नव्हे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी फौजेतून निवृत्त झाल्यावर, १८८८ सालीच, अस्पृश्यतेच्या विरोधात पुस्तिका लिहिली होती. परिषदेला हजारो माणसे आली, पुष्कळशी पायी, भाकऱ्या बांधून. तळे गावात भरलेले असताना परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी उठून सुचवले की नगरपालिकेचा ठराव आहे, तर आपण सगळे आत्ताच तळ्यावर जाऊ. चार-चारांच्या रांगा करून माणसे शिस्तीने निघाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाणी प्राशन केले, मागोमाग इतरांनी केले, आणि मंडळी मंडपात परतली.

थोड्याच वेळात गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या बाहेर आल्या. मंडपात जेवत असलेल्या, बाजारात सामान घेत असलेल्या, गावाच्या वाटेला लागलेल्या एकट्यादुकट्यांना गाठून मारहाण झाली. काही मुसलमान घरांनी दारे उघडून त्यांना आसरा दिला. परिषदेला आलेल्यांत फौजेत नोकरी केलेले गडी होते. उलटून हात उगारायला त्यांना वेळ लागला नसता, पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले. दंगल करणाऱ्यांपैकी काहींना पुढे शिक्षाही झाली. नंतर तळ्याची ‘शुद्धी’ झाली. तळ्यातले पाणी १०८ घागरी भरून बाहेर काढले, पंचगव्य घातले, मंत्र म्हटले, आणि पाणी पुन्हा पिण्याजोगे झाले असे जाहीर करण्यात आले.

आजीचे ‘बाटलं’ ते हे. तिने स्वतः काठी उचलली नव्हती. ती तेव्हा ओली बाळंतीण होती. पण गावाने त्या घटनेला जे नाव दिले, ते तिने चाळीस वर्षे विनातक्रार वापरले आणि आम्हां नातवंडांच्या हाती दिले. वारसा असाच येतो. आपल्या घरांमध्ये द्वेष मोठ्याने बोलून शिकवला गेला असे क्वचितच झाले असेल. तो क्रियापदांतून शिकवला गेला. ‘बाटणे’ हे त्यांतलेच एक. माणसांनी पाणी प्यायले, एवढ्याच गोष्टीला तो शब्द लावला की बाकी काही सांगावेच लागत नाही.

पुढची हकिकत आमच्या घरात कधीच निघाली नाही. नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव ४ ऑगस्ट १९२७ रोजी मागे घेतला. बोल्यांचा ठराव मंजूर होऊन त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले, तेव्हा गावातल्या काही सवर्ण गृहस्थांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला आणि दोन दिवसांत मनाई हुकूम मिळवला. परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री त्या मंडपासमोर मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. ते जन्माने ब्राह्मण होते. मनाई हुकूम मोडून कायदा आपल्याविरुद्ध जाऊ द्यायचा नाही, म्हणून बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला आणि कोर्टाची वाट धरली.

ती वाट दहा वर्षांची निघाली. १९३१ साली महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. वादी अपिलात गेले. १९३३ साली ठाण्याला अपील फेटाळले गेले. वादी आणखी वर गेले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी ते अपीलही फेटाळले. गांधीजींना १९२२ साली अहमदाबादेत सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ब्रूमफील्ड ते हेच. वादींचे म्हणणे होते की अस्पृश्यांनी हे पाणी घ्यायचे नाही, ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. न्यायालयाने सांगितले की अशी वहिवाट सिद्ध झालेली नाही. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे व्हायला तीन दिवस उरले होते.

हे सगळे वाचताना मला एक गोष्ट फार लागली. १९२७ च्या दंगलीत काठ्या चालल्या त्या एक दिवस. त्यानंतर दहा वर्षे जे चालले, त्यात एकाच्याही हातात काठी नव्हती. तारखा होत्या, अर्ज होते, अपिले होती, स्थगिती होती. महाडच्या प्रतिष्ठितांनी अस्पृश्यांना ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘थांबा’ म्हणण्यावर अधिक भिस्त ठेवली. ठराव आहे, पण लोकांची मने तयार नाहीत, तेव्हा थांबा. खटला चालू आहे, थांबा. निकाल लागला, पण अपील आहे, थांबा. काठीचा वळ दिसतो, थांबायला लावल्याचा दिसत नाही. म्हणून काठीची लाज वाटणाऱ्या सभ्य माणसांना हे दुसरे हत्यार फार सोयीचे पडते.

ते हत्यार अजून गंजलेले नाही, हे मला या वेळी घरीच पाहायला मिळाले. २०२१ च्या पुरात आमचे घर तळमजल्याच्या छतापर्यंत पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल राहिला. तो उपसायला जी तरुण मुले आली, त्यांत बौद्धवाडीतली मुले होती. दोन दिवस त्यांनी घमेली वाहिली, स्वयंपाकघरातून, देवघरातून. त्या दोन दिवसांत त्यांचे आडनाव कोणी विचारले नाही. नंतर डागडुजी झाली आणि तळमजला भाड्याने द्यायचे ठरले. घरात आम्ही तीन हिस्सेदार. गावात राहणारा माझा चुलतभाऊ, परदेशी असलेली त्याची बहीण आणि मी. भाडेकरारावर सही करायला मी महाडला गेले होते.

भाडेकरू आला होता. बँकेतला एक तरुण कर्मचारी, बायको, चार वर्षांची मुलगी. मागितले तेवढे भाडे आणि अनामत त्यांना कबूल होती. मी दादाला म्हटले, मग अडले कुठे?

‘अडलं नाही गं. आडनाव पाहिलंस का?’

‘पाहिलं.’

‘माझं स्वतःचं काही नाही, तुला ठाऊक आहे. पण आळीत अजून कुणी दिलेलं नाही. आपणच पहिलं पाऊल कशाला टाका? थोडं थांबू. दुसरं कुणी विचारतंय का बघू.’

‘किती थांबायचं, दादा?’

वहिनी म्हणाल्या, ‘तुमचं बरं आहे वन्सं, तुम्ही चार दिवसांनी ठाण्याला जाल. शेजाऱ्यांची तोंडं आम्हाला बघायची आहेत.’

त्यात खोटे काही नव्हते. वहिनींच्या त्या वाक्याला माझ्याकडे लगेच उत्तरही नव्हते. जो गावात राहतो त्याला गावाचा धाक असतो, आणि जो बाहेरून येतो त्याला मत मांडणे फुकट पडते. पण विचार करता मला दिसले की दादा बोलत होता ते वादींच्या वकिलांचेच बोलणे होते. माझे काही नाही, पण वहिवाट आहे. आजवर कोणी दिलेले नाही, म्हणून आम्हीही देत नाही. प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे बोट दाखवते, आणि अशी वीस बोटे एकमेकांकडे वळली की जे तयार होते त्याला आपण परंपरा म्हणतो. दादा वाईट माणूस नाही. पुरात अडकलेल्या तीन कुटुंबांना त्याने वरच्या मजल्यावर ठेवून घेतले होते, त्यांतले एक मुसलमानांचे होते. संकटात तो माणूस ओळखतो. सुरळीत चालले असताना मात्र त्याला आळी ओळखावी लागते.

मी सांगितले की पहिली मागणी या कुटुंबाची आली आहे, त्यांचे भाडे आपल्याला मान्य आहे, तेव्हा माझी सही झाली तर याच करारावर होईल. ही सही मला करता येते किंवा नाकारता येते, त्यालाही एक इतिहास आहे. माझ्या आत्यांची नावे या घराच्या कागदांवर कधीच लागली नाहीत. माझे लागले, ते १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यामुळे. हिंदू स्त्रीला मालमत्तेत हक्क देणारे हिंदू कोड बिल लांबणीवर पडते आहे, हे बाबासाहेबांनी १९५१ साली कायदेमंत्रिपदाचा राजीनामा देताना सांगितलेल्या कारणांपैकी एक मोठे कारण होते. नंतर ते तुकड्या-तुकड्यांनी संमत झाले. म्हणजे ज्या माणसाच्या ओंजळीने आमचे तळे ‘बाटले’, त्याच माणसाच्या खटाटोपाने मला या घराचा हिस्सा मिळाला. हे मी दादा-वहिनींना सांगितले. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी मान वर करून पाहिले. त्यांचेही माहेर आहे.

दादाने आठ दिवस मागितले. त्या आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. शेवटी तो म्हणाला, ‘ठीक आहे, देऊ या.’ मी त्या गृहस्थांना फोन केला, तेव्हा त्यांनी हमरस्त्याजवळच्या नव्या इमारतीत जागा घेतली होती. आवाजात राग नव्हता. ‘मॅडम, आम्हाला सवय आहे. आम्ही एका वेळी तीन-चार ठिकाणी विचारूनच ठेवतो,’ ते म्हणाले. आम्ही त्यांना नकार दिला नव्हता. आम्ही फक्त उशीर केला होता. तेवढ्याने काम भागले.

निघण्यापूर्वी मी शाळेतल्या त्या मैत्रिणीला भेटायला गेले. ती शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आहे. बौद्धवाडीत तिचे स्वतःचे दुमजली घर आहे, वर गच्चीवर तुळस आणि मिरच्यांच्या कुंड्या. मी तिला सगळे सांगितले. तिला आश्चर्य वाटले नाही. येत्या शताब्दीला आमच्या आळीने काय करावे असे तुला वाटते, असे मी विचारले. मला वाटले होते, ती म्हणेल तुम्हीही तळ्यावर या. ती म्हणाली, ‘तळ्यावर याल तर बरंच आहे. पण आम्हाला तुमच्याकडून गर्दी नको आहे गं, गर्दी आमच्याकडे पुष्कळ आहे. आमच्या घरात त्या साली काय झालं ते आम्ही शंभर वर्षं सांगतोय. तुमच्या घरात काय झालं, ते तुम्ही कधी सांगणार?’

या प्रश्नाने मी हा लेख लिहायला बसले.

आपली ही गोष्ट एकट्या महाडची नाही आणि एकट्या भारताचीही नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे पिण्याच्या पाण्याचे नळ वेगवेगळे असत. हे साम्य बाबासाहेबांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. १९४६ साली त्यांनी तिथल्या कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. वंश आणि जात या गोष्टी एक नव्हेत. पण आपल्या गावाने काय केले हे आठवण्याची टाळाटाळ दोन्हीकडे सारखीच. त्याच दक्षिणेतल्या माँटगोमेरी शहरात २०१८ साली एक स्मारक उघडले. जमावाने ठार मारलेल्या चार हजारांहून अधिक काळ्या माणसांचे ते स्मारक. तिथे आठशेवर पोलादी स्तंभ टांगलेले आहेत, एकेक स्तंभ एकेका परगण्याचा, त्यावर त्या परगण्यात मारलेल्यांची नावे. प्रत्येक स्तंभाची एक जोडप्रत बाहेर ठेवलेली आहे. परगण्यातल्या लोकांनी यावे, आपला स्तंभ मागून घ्यावा आणि आपल्या गावात उभारावा, अशी कल्पना. कोणी अजून नेला नाही, हे तिथे आलेल्या प्रत्येकाला दिसते. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते. पीडितांनी स्मारक उभारायचे आणि इतरांनी लांबून पाहायचे, असे तिथे चालत नाही. ज्यांच्या गावात ते घडले, त्यांनी ते स्वतःच्या हातांनी घरी न्यायचे आहे.

आपल्याकडे यावर नेहमीचे आक्षेप येतील. पहिला, जुने उकरून काय मिळणार? पण आपण जुने उकरत नाही असे कुठे आहे? रायगडावरचा एकेक दगड आम्ही अभिमानाने दाखवतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे आपले आणि शंभर वर्षांपूर्वीचे कोणाचे तरी, असा हिशेब कसा चालेल? दुसरा आक्षेप, तेव्हा आम्ही जन्मलोही नव्हतो, मग आमचा काय दोष? दोष नाहीच. पण वडिलोपार्जित घर घेताना त्यावरचा बोजाही घ्यावा लागतो, हे महाडातला कोणताही साधा माणूस सांगेल. घर आमचे आणि बोजा वाडवडिलांचा, असे रजिस्टर कचेरीत चालत नाही. तिसरा आक्षेप, आता कुठे राहिली आहे जात? हा प्रश्न ज्याला पडतो त्याने मधले एक-दोन महिने दुसरे आडनाव लावून भाड्याची जागा शोधावी. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घ्यावा लागला. जात गेली असती, तर पाट्या बदलायला मंत्रिमंडळाची बैठक लागली नसती.

आणि आमच्या आळीला अभिमान बाळगावा असे काही नाहीच का? आहे, पण तेही आम्ही गमावून बसलो आहोत. महाडच्या नगराध्यक्षपदावर बसलेले आणि या लढ्यात बाबासाहेबांच्या बाजूला राहिलेले सुरेंद्रनाथ टिपणीस, तळ्याकडे चला म्हणणारे अनंतराव चित्रे, मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे. ही माणसे सवर्ण घरांतलीच. त्यांनी शेजाऱ्यांची तोंडे पाहिली, आप्तेष्टांचे शिव्याशाप सोसले, आणि तरी ‘थोडे थांबू’ म्हटले नाही. १९२७ साली महाडच्या सवर्णांपुढे दोन वाटा होत्या, आणि दोन्ही वाटांनी जाणारी माणसे गावात होती. आम्ही दंगलीची वाट विसरायची म्हणून त्यांचीही वाट विसरलो. लपवण्याची ही किंमत आहे. वाईट झाकताना त्याच्या शेजारचे चांगलेही झाकले जाते, आणि मुलांच्या हाती काहीच राहत नाही.

शताब्दीला सरकार काय करायचे ते करील. कार्यक्रम होतील, भाषणे होतील, लाखो माणसे येतील आणि ओंजळभर पाणी घेऊन परत जातील. त्याच्याशी माझी तक्रार नाही. माझे म्हणणे आमच्या आळीपुरते आहे, आणि ते अवघड नाही. ज्या घरांच्या माळ्यांवर त्या काळचे कागद, जमाखर्चाच्या वह्या, पत्रे, खटल्याच्या नकला पुरातूनही उरल्या असतील, त्यांनी त्या बाहेर काढाव्यात आणि ग्रंथालयाच्या स्वाधीन कराव्यात. त्यांत कोणाच्या आजोबांनी दाव्यासाठी वर्गणी दिल्याची नोंद निघेल, तर निघू द्यावी. कोणाच्या पणजीने मार खाल्लेल्या माणसाला मागील दाराने पाणी दिल्याचेही कदाचित निघेल. गावातल्या शिक्षकांनी मुलांना रायगडावर नेतात तसेच तळ्यापासून कोर्टापर्यंत चालत न्यावे आणि दहा वर्षांचा तो खटला वाटेत सांगावा. २० मार्चला ‘गर्दी असते’ म्हणून मुंबईला लेकीकडे जाणाऱ्यांनी एक वर्ष घरीच राहावे, आणि उन्हातून चालत येणाऱ्यांसाठी दारात पाण्याचा माठ ठेवावा. ज्यांच्याकडे रिकाम्या खोल्या आहेत, त्यांनी भाडे विचारावे, अनामत विचारावी, आडनाव विचारू नये.

सर्वांत सोपे आणि सर्वांत कठीण काम घरातले आहे. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथात विहिरी आणि तलाव कशासाठी आले, असे नातवंडांनी विचारले, तर महाडच्या माणसाला उत्तर ठाऊक असले पाहिजे. त्यांना ‘जेव मुकाट्याने’ म्हणून चालणार नाही. या गावात माणसांना पाणी पिऊ दिले जात नव्हते, ती एके दिवशी प्यायली, आपल्या माणसांनी त्यांना मारले आणि तळे शेणामुताने शुद्ध करून घेतले, असे साध्या शब्दांत सांगावे. त्या शब्दांनी आजी-आजोबांची अब्रू जाणार नाही. ती गेली असेल तर तेव्हाच गेली. आता प्रश्न आहे तो सांगणाऱ्याच्या अब्रूचा.